सोलापूरच्या मागावरचे नियोजन आणि संघटन

काम सुरू होण्याआधी काय करायचे, किती करायचे, कधी, कोणत्या साधनांनी आणि किती खर्चात करायचे हे ठरवणे म्हणजे नियोजन. ठरलेल्या कामाचे भाग पाडणे, प्रत्येक भाग कोणाकडे सोपवायचा आणि कोणी कोणाला जाब द्यायचा हे निश्चित करणे म्हणजे संघटन. फ्रान्समधील खाणउद्योगात आयुष्य घालवलेले अभियंते आंरी फेयॉल यांनी १९१६ मध्ये व्यवस्थापनाची पाच कार्ये मांडली. त्यांत ही दोन पहिली होती. आदेश, समन्वय आणि नियंत्रण त्यांच्या मागून येतात. वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकांत कार्यांची यादी आजही याच दोन कार्यांपासून सुरू होते.

फेयॉल यांचे विवेचन प्रसिद्ध झाले तेव्हा सोलापुरातील पहिली कापड गिरणी सुरू होऊन ३९ वर्षे झाली होती, आणि हातमागाचा धंदा त्याहून कितीतरी जुना होता. सोलापूरच्या कापडधंद्याने गेल्या दीड-पावणेदोनशे वर्षांत तीन रूपे पाहिली: घरातला आणि कारखान्यातला हातमाग, वाफेवर चालणारी गिरणी आणि विजेवरचा यंत्रमाग. तिन्ही रूपांत नियोजन आणि संघटन होतेच. फरक होता तो आखणी करणारा माणूस मागापासून किती अंतरावर बसतो, याचा. या अंतराचा इतिहास हाच सोलापूरच्या कापडधंद्याच्या व्यवस्थापनाचा इतिहास आहे.

घरातला माग

सोलापूर दख्खनच्या पठारावर, मराठी, कन्नड आणि तेलुगू या तीन भाषांच्या शेजारात वसलेले शहर आहे. पाऊस कमी आणि बेभरवशाचा, म्हणून शेतीला जोड देणारा धंदा येथे आवश्यकच होता. पेशवाईतही येथे विणकरांची वस्ती होती. साळी, कोष्टी, मोमीन अशा समाजांचे माग चालत. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी निजामाच्या राज्यातील तेलंगणातून पद्मशाली विणकर मोठ्या संख्येने आले. दुष्काळ आणि घटलेली मागणी यांनी त्यांना गावाबाहेर काढले. सोलापूरच्या बाजाराने आणि पुढे गिरण्यांनी त्यांना ओढून घेतले. शहराचा ‘पूर्व भाग’ त्यांच्या वस्तीने आणि मागांनी भरला. आजही तेथे घरात तेलुगू आणि बाजारात मराठी बोलणारी कुटुंबे आहेत.

घरातल्या मागाचे संघटन कुटुंबाच्या रचनेवर उभे होते. मागावर एक माणूस बसे, पण त्याला विणता यावे म्हणून घरातले तीन-चार हात राबत. सुताच्या लडी उकलायच्या, ताणा करायचा, ताण्याला खळ लावून पांजणी करायची, नव्या ताण्याची टोके मागावरच्या जुन्या टोकांना एकेक करून सांधायची, बाण्यासाठी कांड्या भरायच्या, ही सगळी पूर्वतयारी. कांड्या भरण्याचे आणि सूत उकलण्याचे काम बायका, मुले आणि म्हातारी माणसे करत. पांजणीला लांब मोकळी जागा आणि अनेक हात लागत, त्यामुळे ती गल्लीत, शेजाऱ्यांच्या मदतीने होई. कोणते काम कोणाचे हे वय, बळ आणि नाते यांवरून ठरे.

या घरातले नियोजन ऋतूंशी बांधलेले होते. खळ दिलेला ताणा उघड्यावर वाळवावा लागे, म्हणून पावसाच्या दिवसांत पांजणी अडे आणि तिच्यामागे विणकाम अडे. मागणी दिवाळीला आणि लग्नसराईत वाढे. सूत आधी घ्यायचे आणि लुगडे नंतर विकायचे, मधल्या काळात घर चालवायचे, एवढे भांडवल बहुतेक विणकरांजवळ नसे. ही पोकळी सावकाराने आणि सुताच्या व्यापाऱ्याने भरली. कोणत्या काठाचे आणि रंगाचे लुगडे विणायचे हा निर्णय हळूहळू सूत उधार देणाऱ्याकडे गेला. घरातल्या मागावरून नियोजनाचे पहिले पाऊल असे बाहेर पडले.

१८६० मध्ये मुंबईहून येणारा लोहमार्ग सोलापूरला पोहोचला. गिरणीचे सूत, विलायती आणि पुढे मुंबईचे, थेट पेठेत येऊ लागले. हातसुताचा काळ संपला. एकसारख्या जाडीचे सूत हवे तेव्हा मिळू लागल्याने मोठ्या प्रमाणावर कापड काढण्याचा बेत आखणे शक्य झाले. तयार लुगडी गाडीने दूरच्या बाजारांत जाऊ लागली. ज्याच्याकडे पैसा, पत आणि बाजाराची माहिती होती त्याच्यासाठी ही संधी होती.

कारखानदार

या संधीतून सोलापुरात ‘कारखाना’ उभा राहिला. येथे या शब्दाचा अर्थ धुराडे असलेली इमारत असा नव्हता. एका छपराखाली मांडलेले हातमाग, मालकाचे सूत, मालकाचे रंगकाम आणि कापडाच्या नगावर मजुरी घेणारे विणकर असा हा कारखाना होता. काही ठिकाणी चार-सहा माग, काही ठिकाणी पन्नासांहून जास्त. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सोलापूर हे अशा कारखान्यांचे पश्चिम भारतातील एक प्रमुख केंद्र बनले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने या धंद्याकडे लक्ष दिले. दख्खनमधील नागरी हस्तव्यवसायांवरचा ना. म. जोशी यांचा अभ्यास १९३६ मध्ये आला, तर सोलापूरच्या विणकर समाजांची रा. गो. काकडे यांनी केलेली सामाजिक-आर्थिक पाहणी १९४७ मध्ये प्रसिद्ध झाली.

कारखानदार बहुधा विणकर समाजातलाच असे. त्याला माग कळत असे. किती सूत घ्यायचे, त्यातले किती रंगवायचे, कोणत्या मागावर कोणता काठ लावायचा, कोणत्या बाजारपेठेला कोणता रंग चालतो, हे तो स्वतः ठरवी. ताणा करणे, पांजणी, रंगकाम यांसाठी वेगळी माणसे नेमल्यामुळे विणकराचा वेळ फक्त विणण्यात जाई. दोरी ओढून धोटा फेकणारा झटक्याचा माग आला तेव्हा एका विणकराचे दिवसाचे काम वाढले, आणि त्याबरोबर पूर्वतयारीही वाढवावी लागली. श्रमविभागणीचा हा साधा नियम आहे: साखळीतील एका कड्याचा वेग वाढला की त्याच्या आधीच्या कड्यांची फेरआखणी करावी लागते. सोलापूरच्या कारखानदाराला तो अनुभवाने ठाऊक होता.

कारखान्याच्या भिंतींबाहेरही कारखानदाराचे संघटन पसरलेले होते. ‘आसामी’ म्हणवला जाणारा विणकर स्वतःच्या घरी, स्वतःच्या मागावर बसे. सूत मालकाकडून नेई, कापड मालकाला देई आणि मजुरी घेई. मागणी वाढली की आसामी वाढवायचे, मंदी आली की त्यांचे सूत थांबवायचे. मंदीचा धोका अशा रीतीने विणकराच्या घरी जाऊन बसे.

कामगार टिकवण्याचे साधन होते ‘बाकी’. लग्नाला, आजारपणाला किंवा गावाहून येण्याच्या वेळी मालक विणकराला रक्कम देई. ती फिटेपर्यंत दुसऱ्या कारखान्यात जाता येत नसे, आणि मजुरी इतकी बेताची की ती सहसा फिटत नसे. दुसऱ्या मालकाला तो विणकर हवा असेल तर आधीची बाकी त्याने भरायची, असा व्यवहार होता. अनेक विणकर कुटुंबासह कारखान्यातच राहत. मागाशेजारीच चूल मांडली जाई. मालकाच्या दृष्टीने मनुष्यबळाची तरतूद झाली; विणकराच्या दृष्टीने ते बंधन होते. कारखान्यात आखणी करणारा मागापासून हाकेच्या अंतरावर होता आणि त्याला कामाची बारीक जाण होती. मात्र त्या जवळिकीतच विणकराचे स्वातंत्र्य हरवले, हेही नोंदवले पाहिजे.

गिरणी

मुंबईचे उद्योगपती मोरारजी गोकुळदास यांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. शहर तिला पुढे ‘जुनी गिरणी’ किंवा ‘जुनी मिल’ म्हणू लागले. मुरारजी पेठेच्या नावात संस्थापकाची आठवण राहिली आहे. गिरणी सुरू झाली तेव्हा १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ चालू होता. गावे ओस पडत होती आणि कामाच्या शोधात माणसे शहराकडे येत होती.

सोलापूरची निवड ही नियोजनाच्या पहिल्या पायरीचे, म्हणजे स्थाननिश्चितीचे, चांगले उदाहरण आहे. बार्शीसारखी कापसाची मोठी पेठ जवळ होती. कोळसा आणि लँकेशायरची यंत्रे आणायला लोहमार्ग होता. पाण्यासाठी १८७१ मध्ये पूर्ण झालेला एकरुख तलाव शहरापासून जवळ होता. सूत घेणारे हजारो हातमाग दारातच होते, त्यामुळे गिरणीच्या सुताला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागणार नव्हते. मजुरी मुंबईपेक्षा स्वस्त होती. कच्चा माल, शक्ती, वाहतूक, बाजारपेठ आणि मनुष्यबळ असे पाचही घटक येथे एकत्र आले. पुढील तीन-साडेतीन दशकांत नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू आणि जाम या गिरण्या उभ्या राहिल्या आणि सोलापूर हे गिरणगाव झाले.

गिरणीने काम खात्यांत वाटले. कापूस पिंजण्यापासून सूत कातण्यापर्यंतची खाती, मग वाइंडिंग, ताणा, सायझिंग, विणकामाचे सांचे खाते, घडी आणि गाठी. घरातल्या मागावर जी कामे आई, मुलगा आणि शेजारी करत ती आता वेगवेगळ्या इमारतींत, अनोळखी माणसांत विभागली गेली. एका खात्यातून निघालेला माल दुसऱ्या खात्याचा कच्चा माल असल्यामुळे सर्व खात्यांचा वेग जुळवणे हे व्यवस्थापकाचे रोजचे काम झाले. वर्षभराचा कापूस हंगामाच्या काही महिन्यांतच विकत घ्यावा लागे. म्हणजे भाव, साठा, व्याज आणि पुढील वर्षीची मागणी यांचा अंदाज आधीच बांधावा लागे. पांजणी अडवणारा पाऊस आता अडथळा राहिला नाही, कारण सायझिंग यंत्रावर, छपराखाली होऊ लागले. ऋतूंच्या जागी भोंगा आला.

कामाच्या तासांचे नियोजन मात्र मालकांच्या एकट्याच्या हाती राहिले नाही. फॅक्टरी कायद्यांनी त्याला चौकट घातली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस १२ तासांवर आणला. १९२२ मध्ये आठवड्याची मर्यादा ६० तास झाली, १९३४ मध्ये ५४ आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ४८. प्रत्येक टप्प्यावर गिरण्यांना पाळ्या, यंत्रे आणि माणसे यांची फेरमांडणी करावी लागली.

मनुष्यबळ उभे करण्याच्या पद्धतींत एक अध्याय दुःखद आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ पासूनच्या कायद्यांनी अनेक भटक्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला होता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अशा जमातींसाठी सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत झाली. शहर तिला ‘सेटलमेंट’ म्हणते. तेथील माणसांना हजेरी देऊन गिरण्यांत कामाला जावे लागे. गिरण्यांना कामगारांचा नियमित पुरवठा झाला, परंतु त्या पुरवठ्यामागे सक्ती होती. १९५२ मध्ये त्यांतला शेवटचा कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

जॉबर आणि चालक कंपनी

गिरणीच्या संघटनेची उतरंड कागदावर सरळ दिसे: वर व्यवस्थापक, त्याखाली खात्यांचे प्रमुख, त्याखाली जॉबर, मग कामगार. प्रत्यक्षात जॉबर हा या उतरंडीचा सांधा होता. माणसे तोच आणी, शिकवी, यंत्र बिघडले तर लावून देई, रजा आणि बदलीचे काम त्याच्या मर्जीवर चाले. इंग्रजी बोलणारे अधिकारी आणि मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारे कामगार यांच्यात तोच दुवा. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी १९११ मध्ये आखणीचे काम कामगाराकडून काढून स्वतंत्र कक्षाकडे द्यावे असे मांडले. गिरण्यांत मात्र दिवसाच्या कामाची खरी वाटणी बराच काळ जॉबरच्या तोंडी हुकमाने होत राहिली. ही सत्ता लाचलुचपतीलाही वाट देई. १९४९-५० च्या सुमारास मुंबई प्रांताने मुंबई, अहमदाबाद आणि सोलापूर येथे कापड कामगारांच्या भरतीसाठी नोंदणीची योजना आणली. भरतीचा अधिकार जॉबरच्या हातून काढून नियमांत बांधणे हा तिचा उद्देश होता.

उतरंडीच्या दुसऱ्या टोकाला मॅनेजिंग एजन्सी, म्हणजे चालक कंपनी, होती. भागधारकांनी भांडवल द्यायचे, आणि कंपनी चालवण्याचा करार एखाद्या व्यापारी पेढीशी करायचा, ही पद्धत भारतातील उद्योगांत सर्वत्र होती. सोलापूरच्या गिरण्यांच्या चालक कंपन्या मुख्यतः मुंबईतल्या होत्या. कापसाची खरेदी, यंत्रांची मागणी, नफ्याची वाटणी असे मोठे निर्णय मुंबईच्या कचेरीत होत आणि गाडीने सोलापूरला येत. उद्योगाला भांडवल आणि अनुभव मिळवून देण्यात या पद्धतीचा वाटा मोठा आहे. पण चालक कंपनीचे उत्पन्न आणि गिरणीचे हित यांची दिशा नेहमी एक राहील याची खात्री त्या करारात नव्हती. आखणी करणारा माणूस आता मागापासून चारशे किलोमीटर दूर होता. ही पद्धत भारतात १९७० मध्ये कायद्याने बंद झाली.

व्यवस्थापनाच्या संघटनेसमोर कामगारांची संघटनाही उभी राहिली. १९२० पासून सोलापूरच्या गिरण्यांत मोठे संप झाले. १९३० च्या सविनय कायदेभंगात शहर पेटून उठले, मे आणि जूनमध्ये येथे लष्करी कायदा लागू होता. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांपैकी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्याबरोबरचे अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे गिरणी कामगारांमध्ये काम करणारे होते. मजुरी, कामाचे तास, बदली कामगारांचे हक्क हे विषय आता एकतर्फी ठरवता येत नव्हते.

१९४९: बंद गिरणी आणि सर्वोच्च न्यायालय

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाला भरपूर मागणी होती आणि जुन्या गिरणीने चांगला नफा वाटला. युद्ध संपल्यावर काही वर्षांतच घडी विस्कटली. ऑगस्ट १९४९ मध्ये संचालकांनी गिरणी बंद केली. हजारो कामगार बेकार झाले आणि शहराचा व्यवहार मंदावला.

९ जानेवारी १९५० रोजी सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार ताब्यात घेतला. एप्रिलमध्ये त्याची जागा संसदेच्या कायद्याने घेतली. एका विशिष्ट कंपनीसाठी केलेला हा कायदा होता. गैरव्यवस्थापन आणि दुर्लक्ष यांमुळे जीवनावश्यक वस्तूच्या उत्पादनावर परिणाम झाला आणि बेकारी ओढवली, असे कारण त्याच्या प्रस्तावनेत दिलेले होते. एखाद्या कंपनीचा कारभार नीट न चालणे हा सार्वजनिक प्रश्न आहे, अशी भूमिका नव्या प्रजासत्ताकाने येथे घेतली.

चिरंजीतलाल चौधरी या भागधारकाने या कायद्याला आव्हान दिले. नुकतीच राज्यघटना लागू झाली होती. एकाच कंपनीला वेगळे काढणे समानतेच्या हक्कात बसते का, हा प्रश्न होता. ४ डिसेंबर १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी याचिका फेटाळली. दुसरा वाद भांडवलाचा होता. कंपनीचे १०० रुपये किमतीचे ३२,००० अग्रहक्क भाग होते आणि त्यांवर प्रत्येकी ५० रुपयेच भरलेले होते. सरकारने नेमलेल्या संचालकांनी उरलेले ५० रुपये मागितले. म्हणजे १६ लाख रुपये उभे राहणार होते. द्वारकादास श्रीनिवास या भागधारकाने ही मागणी बेकायदा ठरवावी असा दावा लावला. १८ डिसेंबर १९५३ रोजी न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला: भरपाई न देता कंपनीचा कारभार आणि मालमत्ता अशी काढून घेणे घटनेला धरून नाही.

या आणि अशा इतर निकालांच्या पार्श्वभूमीवर १९५५ मध्ये चौथी घटनादुरुस्ती झाली. सार्वजनिक हितासाठी किंवा मालमत्तेचे योग्य व्यवस्थापन व्हावे म्हणून मर्यादित काळासाठी तिचा कारभार राज्य हाती घेऊ शकते, अशी तरतूद अनुच्छेद ३१क मध्ये आली. त्याआधी १९५१ च्या उद्योग (विकास व विनियमन) कायद्यानेही उद्योगांच्या कारभारात हस्तक्षेप करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला होता. ‘योग्य व्यवस्थापन’ ही कल्पना भारताच्या राज्यघटनेत शिरण्यामागे सोलापूरच्या एका बंद गिरणीचा वाटा आहे. स्वतः जुनी गिरणी मात्र सावरली नाही. साठच्या दशकात ती कायमची बंद झाली. इतर गिरण्याही शतक संपता संपता एकेक करून थांबल्या किंवा आकसत गेल्या. जुनी यंत्रे, नव्या गुंतवणुकीचा अभाव, यंत्रमागाची स्पर्धा आणि वाढत गेलेले तोटे यांचा तो एकत्रित परिणाम होता.

चादर: कागदावर आधी विणलेले कापड

गिरण्या खंगत असताना पूर्व भागातल्या विणकरांनी वेगळी वाट धरली. नऊवारी लुगड्यांची मागणी घटत होती. हातमागाचे अनेक कारखानदार जकार्डवरच्या चादरीकडे वळले आणि पाठोपाठ विजेचे माग आले. पिळदार जाड सूत, ठसठशीत नक्षी, दोन्ही बाजूंनी वापरता येण्याजोगी वीण आणि वर्षानुवर्षे टिकणारा पोत यांमुळे ‘सोलापुरी चादर’ हे नाव घराघरांत गेले.

जकार्ड ही नियोजनाची डोळ्यांनी दिसणारी मूर्ती आहे. आधी चौकटीच्या कागदावर नक्षी काढली जाते. प्रत्येक चौकट म्हणजे ताण्याचा एक दोरा किंवा दोऱ्यांचा एक गट उचलायचा की नाही याचा निर्णय. त्या निर्णयानुसार पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडतात. बाण्याच्या एका दोऱ्यासाठी एक कार्ड. शेकडो कार्डे क्रमाने दोरीत ओवून मागाच्या डोक्यावर चढवली की मोर, फूल किंवा वेल कापडावर उमटू लागते. कार्डात चूक असेल तर ती प्रत्येक चादरीत उतरते, आणि विणकर कितीही कुशल असला तरी ती त्याला झाकता येत नाही. म्हणून नक्षीकार आणि कार्ड पाडणारा यांचे काम माग सुरू होण्याआधी तपासावे लागते.

फ्रान्समधील लियाँ शहरात जोसेफ जकार्ड यांनी १८०४ मध्ये हे यंत्र तयार केले. त्याच्या भोकांच्या कार्डांवरून चार्ल्स बॅबेज यांना आपले गणनयंत्र कार्डांनी चालवण्याची कल्पना सुचली. याच बॅबेज यांनी १८३२ मध्ये यंत्रे आणि कारखानदारीच्या अर्थशास्त्रावर ग्रंथ लिहून श्रमविभागणीचा हिशेब मांडला होता. संगणक आणि व्यवस्थापनशास्त्र या दोघांच्या घराण्यात जकार्डचा माग असा बसतो, आणि तोच सोलापूरच्या गल्ल्यांत चादर विणत आला आहे.

टॉवेल आणि गावभर वाटलेली गिरणी

चादरीनंतर टेरी टॉवेल आला. त्याच्या विणीत दोन ताणे असतात: एक घट्ट, कापडाचा पाया धरणारा, दुसरा सैल, फुगून फासे तयार करणारा. दोन ताण्यांसाठी दोन बीम, दोन वेगवेगळे ताण आणि दोन प्रकारच्या सुतांची गणिते करावी लागतात. फाशांची उंची थोडी वाढली तरी सुताचा खर्च आणि टॉवेलचे वजन दोन्ही वाढतात. निर्यातीचा माल वजनावर आणि मापावर पारखला जातो, त्यामुळे सुताच्या एका काउंटची, म्हणजे जाडीच्या मापाची, चूकसुद्धा सगळी ऑर्डर अडवू शकते.

परदेशी गिऱ्हाइकाची ऑर्डर म्हणजे नियोजनाचा पूर्ण धडा असतो. माल बंदरावर पोहोचण्याची तारीख आधी ठरते आणि तिथून उलट मोजत यावे लागते: पॅकिंगला किती दिवस, कटाई आणि शिलाईला किती, विणकामाला किती, बीम भरायला किती, रंगाला किती, आणि मुळात रंगाचा नमुना मंजूर होऊन सूत हाती पडायला किती. यांतला एक टप्पा चुकला की पुढचे सगळे टप्पे सरकतात. सुताचे भाव रोज बदलतात, तर ऑर्डरचा भाव आधीच पक्का झालेला असतो. वीज आणि पाणी हे सोलापुरातले जुने प्रश्नही हिशेबात धरावे लागतात. रंगकाम तर पाण्यावरच अवलंबून आहे.

हे सगळे एका छपराखाली क्वचितच होते. सुताचा व्यापारी, डबलिंगवाला, रंगारी, सायझिंग, जकार्डचा नक्षीकार, मागाचा मिस्तरी, यंत्रमागधारक, शिलाई करणाऱ्या बायका, पॅकिंग, वाहतूकदार असे स्वतंत्र धंदे पूर्व भागात आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत पसरलेले आहेत. गिरणीत जी खाती भिंतीने जोडलेली होती ती येथे ओळखीने, उधारीने आणि शब्दाने जोडलेली असतात. अर्थशास्त्रात अशा रचनेला उद्योगसमूह (क्लस्टर) म्हणतात. प्रत्येकाला मोठी गुंतवणूक करावी लागत नाही, आणि एखादा थांबला तरी दुसऱ्याकडून काम करून घेता येते, हा तिचा फायदा. मात्र संपूर्ण साखळीची जबाबदारी कोणा एकावर नसते. दर्जा, संशोधन, नवीन यंत्रे, कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी, सांडपाण्याची सोय ही कामे एकट्यादुकट्याला झेपत नाहीत.

म्हणून सामूहिक संघटनेची गरज उभी राहते. यंत्रमागधारकांच्या संघाने मजुरीच्या वाटाघाटींपासून वीजदराच्या प्रश्नापर्यंत हे काम केले आहे. ‘सोलापुरी चादर’ आणि ‘सोलापूर टेरी टॉवेल’ या दोन्ही नावांची नोंद २००५-०६ च्या सुमारास भौगोलिक निर्देशन कायद्याखाली झाली. देशात अशी नोंद मिळवणाऱ्या पहिल्या काही मालांत ती आहेत. ज्या नावाची प्रतिष्ठा शेकडो छोट्या कारखान्यांनी मिळून कमावली, त्या नावाची मालकीही सामूहिक असावी, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. इतर शहरांत विणलेल्या चादरींवर सोलापूरचे नाव छापले जात असताना या तत्त्वाला पैशाचेही मोल आहे. २०१९ मध्ये सोलापुरात टेरी टॉवेलचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरवून येथील उत्पादकांनी गिऱ्हाइकाला आपल्या दारी आणण्याची योजना केली. त्याच सुमारास शहरात शालेय आणि संस्थांच्या गणवेशांचा धंदाही याच पद्धतीने, एकत्र प्रदर्शने भरवून वाढू लागला.

या सामूहिकपणाची मुळे धंद्याच्या आधीची आहेत. पद्मशाली समाजाच्या संस्थांनी शाळा आणि सहकारी रुग्णालय उभे केले. नारळी पौर्णिमेला निघणाऱ्या मार्कंडेय महामुनींच्या रथोत्सवात माग मांडून विणकाम केले जाते. समाजाचे पैसे, स्वयंसेवक आणि वेळ यांची आखणी तेथे वर्षानुवर्षे होत आली आहे, आणि तिथली ओळख व विश्वास उधारीच्या व्यवहारात उपयोगी पडतात.

तीन रूपांचा ताळेबंद

हातमागाच्या कारखान्यात आखणी करणारा मागाजवळ होता. त्याचे ज्ञान खरे होते, पण त्याच्या बाकीने विणकर बांधला गेला. गिरणीने मोठे भांडवल, यंत्रशक्ती आणि शिस्तीचे संघटन आणले, परंतु मुख्य निर्णय दूरच्या कचेरीत आणि रोजचे निर्णय जॉबरच्या मर्जीत विभागले गेले. मधला सांधा निसटल्यावर १९४९ सारखा प्रसंग ओढवला. यंत्रमागाने आखणी पुन्हा मागाजवळ आणली, पण ती शेकडो छोट्या हातांत वाटून टाकली, त्यामुळे समन्वय हेच आजचे सर्वांत कठीण काम आहे.

फेयॉल यांनी नियोजन आणि संघटन वेगळी सांगितली, तरी सोलापूरच्या अनुभवात ती एकमेकांपासून सुटी होत नाहीत. कोणाकडे कोणते काम सोपवले आहे यावरूनच कोणाला काय आधी दिसेल हे ठरते. पांजणी करणाऱ्याला पावसाचा अंदाज असतो, कारखानदाराला बाजाराचा, सांचेवाल्याला यंत्राचा, नक्षीकाराला कापडाचा. ही दृष्टी आखणीत उतरली तेव्हा धंदा टिकला. ती वगळली गेली तेव्हा गिरणीसारखी भक्कम इमारतही उभी राहू शकली नाही.